लाल पेन्सिलीची खूण



या समूहावर सुलतान बाजारच्या, काचीगुड्याच्या जुन्या आठवणी मी आवडीने वाचतो, खाली दोन ओळी लिहितो आणि गप्प बसतो. आज मात्र जरा लांबण लावणार आहे. विषय तसा कॉम्प्युटरचा, म्हणजे आमच्या नातवंडांचा. पण त्याच्या निमित्ताने माझी जवळजवळ तीस वर्षांपूर्वीची एक सही वर आली. तिच्याबद्दल मी घरातसुद्धा कधी बोललो नव्हतो.

आधी ओळख. आमचे आजोबा निजामाच्या काळात परभणीकडून हैदराबादला आले. तेव्हा मराठवाडा आणि हैदराबाद एकाच संस्थानात, त्यामुळे आपण परमुलखात आलो असं त्यांना कधी वाटलंच नाही. वडिलांचं शिक्षण उर्दूत, माझं मराठी शाळेत, आणि पुढे बी.कॉम. उस्मानिया विद्यापीठाचं. १९७३ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागलो, २०११ साली अधिकारी म्हणून निवृत्त झालो. कॉम्प्युटरचं शिक्षण शून्य. जे शिकलो ते काउंटरवर, चुका करत.

आमची नात गच्चीबावलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. रविवारी येते. गेल्या महिन्यात आली ती पोहे समोर ठेवून नुसती बसून राहिली. सौ.ने विचारलं तर म्हणाली, "आजी, डोकं चालत नाहीये. पुढच्या सोमवारी साहेबांना उत्तर द्यायचंय."

प्रश्न असा होता. कर्ज देणाऱ्या एका संस्थेसाठी त्यांना नवीन सॉफ्टवेअर करायचं आहे. गिऱ्हाइकाने मोबाइलवर अर्ज करायचा, शाखेतल्या माणसाने तो तपासायचा, मग मंजुरी, हप्ते, व्याज, पावत्या असं सगळं त्यात. तिच्या हाताखाली सात माणसं. मी "हाताखाली" म्हटलं तर लगेच म्हणाली, "हाताखाली नाही आजोबा, बरोबर." इथूनच खरं तर वाद सुरू होता.

तिचे साहेब म्हणतात, आधी संस्थेला काय काय हवं ते सगळं लिहून काढा, त्यावर त्यांची सही घ्या, मग आराखडा, मग प्रोग्रॅम, मग तपासणी, आणि नवव्या महिन्यात माल हातात. एक पायरी पुरी झाल्याशिवाय दुसरी नाही. याला ते लोक वॉटरफॉल म्हणतात. पाणी जसं वरून खाली येतं, परत वर जात नाही.

तिच्या बरोबरची मुलं म्हणतात, असं नको. दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडू. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी काहीतरी चालणारं दाखवू, चुकलं असेल ते पुढच्या तुकड्यात सुधारू. आणि कोणी कुठलं काम करायचं, कसं करायचं, हे आमचं आम्ही ठरवू. वरून वाटणी नको.

"मग अडचण काय?" मी विचारलं.

"अडचण ही की साहेबांचं ऐकलं आणि नवव्या महिन्यात संस्था म्हणाली 'आम्हाला हे नकोच होतं', तर आमची मेहनत वाया. आणि मुलांचं ऐकलं आणि फसलं, तर साहेब म्हणणार, तूच मोकळं सोडलंस. दोन्हीकडून माझीच मान. आजोबा, तुम्ही काय केलं असतं?"

मी म्हटलं, चार दिवस दे. बँकेतली सवय अशी की कोणी "नियम असा आहे" म्हटलं की आपण मूळ सर्क्युलर मागायचं. तिने मला काही वाचायला पाठवलं, त्यातलं इंग्रजी मी चष्मा लावून सावकाश वाचलं. दोन-तीन गोष्टी फार गमतीच्या सापडल्या.

पहिली. ज्या वॉटरफॉलचा तिचे साहेब आग्रह धरतात, त्याचं चित्र विन्स्टन रॉइस नावाच्या अमेरिकन माणसाने १९७० साली एका लेखात काढलं. अवकाशयानांच्या मोहिमांचं सॉफ्टवेअर करणारा माणूस. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारे चौकोन. पण त्याच लेखात तो म्हणतो की नुसतं असं सरळ उतरणं धोक्याचं आहे, कारण तपासणी अगदी शेवटी येते आणि चूक तेव्हाच कळते. त्याचा सल्ला असा की वस्तू नवीन असेल तर ती दोनदा करा, पहिली शिकण्यासाठी, दुसरी देण्यासाठी, आणि गिऱ्हाइकाला मधल्या टप्प्यांतही सामील करून घ्या. 'वॉटरफॉल' हा शब्दसुद्धा त्या लेखात नाही. लोकांनी चित्र घेतलं, इशारा सोडून दिला. सर्क्युलरचं पहिलं पान वाचून फाइल करणारे आपल्याकडेच नाहीत तर!

दुसरी. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी होंडा, कॅनन वगैरे कंपन्या नवीन वस्तू कशा तयार करतात ते पाहून लिहिलं की जुनी पद्धत रिले शर्यतीसारखी आहे, एकाने दांडू दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपण थांबायचं. नवीन पद्धत रग्बीसारखी, सगळा संघ एकदम पुढे सरकतो. रग्बी आपण कोण बघतोय? मी तिला म्हटलं, कबड्डीतली साखळी म्हण. चढाई करणारा आत आला की कोणी कुठे सरकायचं हे बाहेर बसलेला सांगत नाही.

तिसरी. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अजाइल नावाचा जाहीरनामा काढला. कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं, ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला तोंड देणं मोलाचं, असा त्याचा मथितार्थ. आणि स्क्रम नावाची जी पद्धत ही मुलं वापरतात, तिच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत लिहिलंय की संघ साधारण दहा किंवा त्याहून कमी माणसांचा असावा आणि कोणी, कधी, कसं काम करायचं हे त्याने स्वतः ठरवावं. पण कुठलं काम आधी महत्त्वाचं, हे ठरवायला त्या संघातच एक जबाबदार माणूस ठेवलेला असतो. म्हणजे 'आमचं आम्ही' याचा अर्थ मनाला येईल तसं, असा नाही.

हे वाचता वाचता मला आमची शाखा आठवली.

१९७८-७९ ची गोष्ट. पगाराच्या दिवसांत कॅश काउंटरला दारापर्यंत रांग. मॅनेजर आतल्या केबिनमध्ये. तरी ड्राफ्टच्या टेबलावरचा माणूस आपोआप उठून टोकन द्यायला बसायचा, क्लिअरिंगचा माणूस पासबुकं ओढून घ्यायचा. कोणी हुकूम दिलेला नसायचा. आणि संध्याकाळी पैशापर्यंत ताळा जुळल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. आजची चूक आजच सापडली पाहिजे. या मुलांचं दोन आठवड्यांनी काम मांडून दाखवणं म्हणजे आमचा संध्याकाळचा ताळाच की.

पण दुसरी बाजूही सांगतो. त्याच शाखेत सस्पेन्स खात्यातल्या जुन्या, न उलगडलेल्या नोंदी वर्षानुवर्षं तशाच पडायच्या. रांग दिसते म्हणून तिथे सगळे धावतात, पण सस्पेन्सची नोंद कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. जे काम कंटाळवाणं आणि ज्याचं कौतुक नाही, ते 'आपलं आपण' करणाऱ्या माणसांकडून हमखास मागे राहतं. नातीला म्हटलं, तुझ्या सात जणांना विचार, सस्पेन्स कोण बघणार?

आता त्या सहीची गोष्ट.

बँकांत यंत्रं येण्याचा इतिहास तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी भोगलेला आहे. १९८३ साली कर्मचारी संघटनांशी करार झाला, १९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला, मग लेजर पोस्टिंगची मशीनं आली. आमच्या शाखेचा सगळा व्यवहार कॉम्प्युटरवर गेला तो १९९६ साली. मी तेव्हा तिथे अकाउंटंट होतो.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी एक जाडजूड बाड पाठवलं. शाखेत कुठला व्यवहार कसा होतो, ते सगळं त्यात. मुख्य कार्यालयात बसून, आमचं मॅन्युअल समोर ठेवून लिहिलेलं. 'वापरणाऱ्यांनी तपासलं' म्हणून खाली सही हवी होती, तीन दिवसांत. मॅनेजरसाहेब म्हणाले, "बघून घ्या आणि सही करा." मी पन्नासेक पानं वाचली, बाकीची चाळली आणि सही केली. मॅन्युअलप्रमाणे सगळं बरोबरच होतं.

आमचे बचत खात्याचे लेजर क्लार्क जुन्या शहरातले, शाखेत वीस वर्षं काढलेले. खात्यात किमान शिल्लक नसली की सहामाहीला पंधरा रुपये आकार कापायचा, असा नियम होता. पण काही लेजरच्या पानांवर वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची बारीक खूण असायची. ती पानं ते सोडून द्यायचे. फॅमिली पेन्शनवर जगणाऱ्या बायका, शिपायांच्या विधवा, असे चाळीसेक खातेदार. कुठल्यातरी जुन्या मॅनेजरांनी तोंडी सांगितलेलं, पुढच्या प्रत्येकाने चालू ठेवलेलं. मॅन्युअलमध्ये त्याचा एक अक्षराचा पत्ता नाही. त्यामुळे बाडात नाही. त्यामुळे मशीनमध्ये नाही.

सप्टेंबर अखेरीला मशीनने सगळ्यांचे पंधरा रुपये कापले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन घ्यायला एक बाई आल्या. अंगठा उठवणाऱ्या. आधी काही बोलल्या नाहीत. नोव्हेंबरमध्ये पुन्हा आल्या तेव्हा काउंटरशी अडखळत म्हणाल्या की गेल्या महिन्यात पंधरा रुपये कमी मिळाले होते, यावेळी नीट मोजून द्या. मी पासबुक पाहिलं, माझ्या लक्षात आलं. म्हटलं, "अम्मा, हमारी गलती है, पैसे वापस मिलेंगे." तर त्या बाई एकदम गप्प झाल्या. त्यांच्याबरोबर दहा-बारा वर्षांचा नातू होता. पैसे तोच मोजून घ्यायचा. पंधरा रुपये त्यानेच घेतले असं समजून त्यांनी त्याला मारलं होतं, आणि महिनाभर तो पोरगा चोर म्हणून घरात वावरला होता.

पंधरा रुपयांची उलट नोंद मी दोन मिनिटांत केली. पोराने खाल्लेल्या माराची उलट नोंद कुठल्या खात्यात करणार? तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

मी त्याच संध्याकाळी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. उत्तर आलं, "साहेब, मागणी गोठवलेली आहे, खाली तुमची सही आहे. पुढच्या आवृत्तीत बघू." पुढची आवृत्ती यायला वर्ष गेलं. तोपर्यंत प्रत्येक सहामाहीला मी स्वतः बसून त्या चाळीस खात्यांच्या उलट नोंदी करायचो. कशा? आमच्या क्लार्कनी जुनी लेजरं रद्दीत जाण्याआधी त्या खात्यांची यादी स्वतःच्या डायरीत उतरवून ठेवली होती म्हणून.

मी त्यांना चिडून विचारलं होतं, हे आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "मेरे कू कोई पूछेच नै, साब."

ते बाड त्यांच्या टेबलापासून दहा फुटांवर माझ्या टेबलावर तीन दिवस पडलं होतं.

या गोष्टीवरून कोणी म्हणेल, मग मुलांचीच पद्धत बरोबर, योजनेचा नाद सोडा. थांबा. आणखी एक प्रसंग सांगतो.

२००४ च्या सुमारास आमची बँक कोअर बँकिंगवर गेली. म्हणजे प्रत्येक शाखेचा वेगळा हिशेब संपला, सगळी खाती एका मध्यवर्ती यंत्रणेत. माझी शाखा शनिवारी दुपारी बंद झाली आणि सोमवारी सकाळी नवीन यंत्रणेवर उघडायची होती. हातात कामांची यादी, क्रमाने, सुमारे १४० ओळी. प्रत्येक ओळीपुढे करणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची सही. जनरल लेजरची शिल्लक आणि एकेका खात्याची बेरीज जुळली तरच पुढची ओळ. नाही जुळली तर कुठून मागे फिरायचं, तेही लिहिलेलं.

एक हुशार तरुण अधिकारी रात्री म्हणाला, सर, ही दोन कामं एकदम केली तर दोन तास वाचतील. मी नाही म्हटलं. रागावला माझ्यावर. पण तिथे कोणाची कल्पनाशक्ती नको होती. हजारो लोकांचे पैसे एका जागेवरून दुसऱ्या जागी चालले होते. सोमवारी चुकलं तर "पुढच्या तुकड्यात सुधारू" म्हणता येत नाही. पहाटे चारच्या आधी ताळा जुळला.

मग बाड वाईट आणि यादी चांगली, असं कसं? दोन्ही कागदच, दोन्ही वरून आलेले, दोन्हींत पायऱ्या. मी यावर निवृत्तीनंतरही बराच विचार केलाय. फरक असा की ते बाड एकदाही काम न केलेल्या माणसांनी लिहिलं होतं. यादी मात्र आमच्या आधी ज्या शाखा गेल्या, त्या शाखांतल्या माणसांनी ठेचा खाऊन वाढवत नेली होती. पहिल्या शाखेला ती वीस-पंचवीस ओळींची होती म्हणे. प्रत्येक शाखेत काहीतरी फसलं, एक ओळ वाढली. म्हणजे ज्या कडक योजनेने आम्हाला वाचवलं, ती स्वतः तुकड्यातुकड्यांनी, करणाऱ्यांच्या हातून तयार झाली होती. रॉइससाहेबांचं 'दोनदा करा' ते हेच असावं.

पुढच्या रविवारी नात आली तेव्हा मी तिला सहीची गोष्ट सांगितली. सौ. पण ऐकत होती. तिलाही नवीनच होती. मग म्हटलं, बाळ, कुठली पद्धत चांगली हे मी काय सांगणार? पण कामाच्या प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचार. हे आधी कोणी केलेलं आहे का, म्हणजे त्यातलं शहाणपण कागदावर उतरलंय की अजून कोणाच्या डायरीत आहे? आणि चुकलं तर उलट नोंद करता येईल का?

तिने तिथेच वही काढली. व्याज कसं मोजायचं, हप्ता आधी व्याजात वळवायचा की मुदलात, खातं थकीत कधी धरायचं, हे नियम ठरलेले आहेत आणि चुकले तर लोकांच्या पैशावर गदा येते. तिथे साहेबांची पद्धत. आधी लिहा, तपासा, सही घ्या. मी म्हटलं, पण तेसुद्धा एकाच ठिकाणी लिहा, दहा जागी विखरू नका. बचत खात्यावरचं व्याज आम्ही जन्मभर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मोजलं, आणि १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने ते रोजच्या शिलकीवर केलं. ठरलेले नियमही बदलतात. फक्त सांगून, तारीख देऊन बदलतात.

आणि अर्ज कसा भरायचा, कुठला कागद नसला तर काय, अंगठा उठवणाऱ्याने काय करायचं, शाखेतला माणूस कुठे अडतो, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नसतं. तिथे मुलांची पद्धत. दोन आठवड्यांनी दाखवा, कोण काय करणार ते त्यांनाच ठरवू दे. फक्त शाखेतला एखादा जुना क्लार्क त्यांच्यात बसवा. अधिकारी नको. अधिकारी सही करून मोकळा होतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

"आणि सस्पेन्स?" तिनेच विचारलं.

"त्याला नाव लाव. दर पंधरवड्याला एकाचं. पाळी चुकवायची नाही."

सोमवारी तिने साहेबांपुढे हे मांडलं. ते सगळं मान्य झालं नाही. नऊ महिन्यांची तारीख कायम राहिली. क्लार्क आठवड्यातून एक दिवस मागितला होता, तो पंधरा दिवसांतून एक दिवस मिळाला. दुसऱ्या खेपेला आलेल्या त्या बाईंनी पडदा बघून विचारलं म्हणे, "दोघांच्या नावावर कर्ज असेल आणि त्यातला एक गेला, तर हे बटण कुठे आहे?" बटण नव्हतंच. आमच्या नातीने ते सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. काम अजून चालू आहे, शेवट काय होईल देव जाणे.

आमचे ते लेजर क्लार्क २००१ साली निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी भाषण केलं, त्यांच्या सचोटीबद्दल, वक्तशीरपणाबद्दल बोललो. लाल पेन्सिलीबद्दल बोललो नाही, कारण मग सहीबद्दल बोलावं लागलं असतं. नंतर काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. त्यांना "तुम्हाला विचारायला हवं होतं" एवढं एक वाक्य सांगायचं राहून गेलं, म्हणून ते आज इथे लिहितोय.

मंडळी, आपल्यातले कितीतरी जण बँकेत, एलआयसीत, रेल्वेत, टपाल खात्यात होते. मॅन्युअलमध्ये नसलेली अशी एखादी खूण तुमच्याही टेबलावर असणार. ती कोणाची होती आणि मशीन आल्यावर तिचं काय झालं, आठवत असेल तर खाली जरूर लिहा. नातीला वाचून दाखवीन.